पडलेला वारा आणि खांदेरी

शाळेतल्या इतिहासात वारा नसतो. तलवारी असतात, तह असतात, सनावळ्या तर असतातच. पण त्या दिवशी वारा कुठून वाहत होता, भरती होती की ओहोटी, हे कोणी सांगत नाही. जमिनीवरच्या लढाईत एकवेळ चालून जाईल, पण समुद्रावरच्या लढाईतून या दोन गोष्टी गाळल्या तर हातात फारसं काही उरत नाही. १६७९ सालची खांदेरीची लढाई घ्या.

माझ्या डोक्यात हे शिरलं ते एका आळशी रविवारी. जानेवारीत आम्ही पाच मित्रांनी मुंबई बंदरातून दिवसभरासाठी शिडाची बोट भाड्याने घेतली. सोबत तांडेलकाका, थर्मासभर चहा, डबाभर इडल्या आणि ऑफिसचा विषय काढायचा नाही असा नियम (अर्ध्या तासात मोडला!). सकाळी जमिनीकडून मतलई वारा होता, बोट झकास चालली होती. अकराच्या सुमारास वारा पडला. शीड लोंबायला लागलं. तांडेलकाका म्हणाले, "बसा आता निवांत. दुपारी खारा वारा सुटला की निघू." थंडीत हे रोजचंच, म्हणे. आम्ही चहा काढला. दक्षिणेला लांबवर खांदेरी दिसत होती. तेवढ्यात एक छोटी होडी वल्ही मारत आमच्या शेजारून आरामात पुढे निघून गेली. वारा नव्हता, पण तिचं काहीच अडलं नव्हतं.

आता १६७९ कडे वळू. पावसाळा सरता सरता शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी खांदेरीवर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी, त्यामुळे इंग्रज हादरले. त्यांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. सप्टेंबरमध्ये उतरायचा प्रयत्न केला, त्यात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली. 'डोव्हर' ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. पण कॅप्टन मिंचिन आणि केग्विन यांचं 'रिव्हेंज' तोफा डागत टिकून राहिलं, आणि शेवटी मराठी गलबतांना उथळ पाण्याकडे माघार घ्यावी लागली.

म्हणजे त्या दिवशी मैदान इंग्रजांनी मारलं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा गाळतात. माझ्या मते तो गाळू नये, कारण खरी गंमत पुढे आहे. लढाई जिंकूनही इंग्रजांना बेटाची रसद तोडता आली नाही. किनारा जेमतेम चार-पाच किलोमीटरवर. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या धान्य, दारूगोळा आणि माणसं घेऊन वेढ्यातून निसटत. त्यात थंडीतला रात्रीचा वारा किनाऱ्याकडून बेटाकडे वाहतो, म्हणजे जाताना तो त्यांच्या पाठीशीच असणार (हा तर्क माझा, बखरकारांचा नाही). मोठं जहाज मात्र वारा पडला की जागच्या जागी! आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर इंग्रजांना सर्व्हर पाडता आला नाही, म्हणून ते नेटवर्क तोडायला गेले, आणि तेही तुटलं नाही.

वेढ्याचा खर्च सुरतेच्या वरिष्ठांना खुपायला लागला. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी काढता पाय घेतला. त्याच महिन्यात सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, ती वेगळी कहाणी. खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली.

मला सलते ती एकच गोष्ट. मायनाक भंडारी आणि दौलतखान निदान पुस्तकात तरी आहेत. पण रात्री वल्ही मारणाऱ्या त्या माणसांपैकी किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? वारा, भरती आणि खडक त्यांना पाठ होते, आणि बेट राखलं गेलं ते त्या ज्ञानावर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात खांदेरीही आहे. फार बरं वाटलं. पण वारसा म्हटला की आपण तट आणि बुरुज बघतो. बेट आणि किनारा यांच्यामधलं पाणीही त्या किल्ल्याचाच भाग आहे, असं मला वाटतं.

असो. या थंडीत जमलं तर तिकडे एक चक्कर मारा. बोट घ्याल ती शिडाची घ्या, आणि वारा पडला तर वैतागू नका.