विरहिणीचे शाहीर

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून देवणीस आला तो खांद्यावर गिटार अडकवूनच. दिवसभर ओसरीवर बसून तो इंग्रजी गाणी वाजवी. मी सहज विचारले, "अरे, हा कोण गातो?" तर म्हणाला, "आजोबा, अमेरिकेतली जुनी खेड्यापाड्यातली गाणी असतात ना, त्यांतून निघालेलं हे रॉक. गाणारा स्वतःच रचतो, स्वतःच गातो. बहुतेक प्रेमभंगाची. आपल्याकडं असं काही नव्हतं बघा."

हे 'नव्हतं' मला लागले. आपल्याकडे काय नव्हते याची तरुण माणसाला फार लवकर खात्री पटते. त्याच्या वयात मलाही पटली होती. त्या वेळी मी काही बोललो नाही. उत्तर येथे देतो आहे.

आमची देवणी गुरांसाठी नावाजलेली. वानेरा, बाळंक्या, शेवेरा असे देवणी गुरांचे तीन प्रकार, रंगावरून ओळखावयाचे. तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या आणि अंग पांढरे तो वानेरा. वडिलांकडे अशी एक वानेरा जोडी होती. तिला घेऊन ते मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला निघाले तेव्हा एका वर्षी मलाही त्यांनी बरोबर घेतले. दिवसा जनावरांचा बाजार आणि रात्री तमाशाचे फड, अशी ती यात्रा. मला गाडीखाली निजवून वडील फडाकडे गेले. मी अर्थातच त्यांच्या मागोमाग गेलो. मध्यरात्र उलटली असेल. ढोलकी थांबली, तुणतुण्याची एकच तार उरली आणि एक पोक्त बाई खाली बसून गाऊ लागली. मोहिमेवर गेलेल्या धन्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीची ती लावणी होती. शब्द आज आठवत नाहीत. आठवते ते एवढेच, की शिट्ट्या घालणारे लोक गप्प झाले, आणि बैल मेला तरी ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते, त्या माझ्या वडिलांनी उपरण्याने डोळे पुसले.

लावणी म्हटली की पांढरपेशा वाचक नाक मुरडतो, निदान मुरडीत असे. दुसऱ्या बाजीरावाचा विलास आणि त्या विलासाची ही गाणी, हा निकाल आमच्या पाठ्यपुस्तकांनी कधीच देऊन टाकला आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. बाजीराव १७९६ मध्ये गादीवर बसला, १८१८ मध्ये गादी गेली, आणि मधल्या बावीस वर्षांत शाहिरांना पुण्यात जो आश्रय मिळाला तो पूर्वी मिळाला नव्हता. पण आश्रयाने गाणे पोसते. जन्मते ते दुसऱ्याच कशातून तरी. विरहाच्या लावण्या एवढ्या संख्येने त्याच पिढीला का सुचाव्यात, हा प्रश्न माझ्या मनात माळेगावच्या त्या रात्रीपासून आहे. त्याचे उत्तर मला आमच्याच तालुक्याच्या जुन्या ठाण्याशी सापडले.

देवणी पूर्वी उदगीर तालुक्यात होती. १७६० च्या फेब्रुवारीत या उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. साठ लाखांचा मुलूख मिळाला, दौलताबादेसारखे किल्ले मिळाले. शाळेत आम्हांस हे मोठ्या अभिमानाने शिकवीत, आणि अभिमान वाटावा असेच ते आहे. परंतु या विजयानंतर काय झाले ते मात्र वेगळ्या धड्यात असे. मराठ्यांच्या मोहिमेचे एक घड्याळ होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे आणि मृगाच्या आत घरी यावयाचे. घरच्या बायकाही त्याच घड्याळावर दिवस मोजीत. उदगीरच्या फौजेतील माणसे जिंकून परत निघाली, ती परतूरपर्यंत आली, आणि तेथे मार्च महिन्यात उत्तरेच्या स्वारीचा हुकूम झाला. पाऊस पडला तेव्हा ही माणसे यमुनेकाठी होती. ऑगस्टात त्यांनी दिल्ली घेतली. दसरा आला, गेला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

आता शाहिरांकडे पाहा. होनाजीचा जन्म १७५४ चा धरतात, परशरामाचाही त्याच सुमाराचा. अनंत फंदी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा. सोलापूरचा राम जोशी जन्मला १७६२ मध्ये, म्हणजे पानिपतच्या दुसऱ्याच वर्षी. ही सगळी पानिपतची मुले. ज्या गल्लीत, ज्या पेठेत ती वाढली, तेथे दाराशी उभ्या राहणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या नसतील हे मला खरे वाटत नाही. एवढ्याने काही सिद्ध झाले असा माझा दावा नाही. इतिहासात शपथेवर सांगण्यासारखे थोडेच असते. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. होनाजी गवळी होता, त्याच्या लावण्या गाणारा बाळा शिंपी. परशरामही शिंपी, आणि सगनभाऊ शिकलगार. सगळे धंदे घरोघर फिरण्याचे, उंबऱ्याशी उभे राहण्याचे. पुरुष स्वारीवर गेलेल्या घरात रोज पहाटे जाणारा माणूस कोण? दूध घालणारा गवळी. आमचा मुलूख गुरांचा असल्यामुळे मला हे चटकन सुचले असेल, पण सुचले खरे.

राम जोशाची गोष्ट निराळी. पुराणिकांच्या घरातला, थोरल्या भावाने तमाशाच्या नादापायी घराबाहेर काढलेला. तो स्वतः रची आणि डफावर स्वतः गाई. माझ्या नातवाची व्याख्या याला तंतोतंत लागू पडते. फक्त गिटार नव्हती.

तरीही एक शंका मला सोडीत नाही. अमेरिकेचा हँक विल्यम्स, जो १९५३ च्या पहिल्याच दिवशी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वारला, तो आपल्या मोडलेल्या मनाचे गाणे पुरुष म्हणूनच गाई. आमचा शाहीर 'मी' म्हणतो तेव्हा तो 'मी' बाईचा असतो. लिहिणारा पुरुष, फडात लुगडे नेसून नाचणारा पोऱ्याही पुरुष. दुःख तिचे, गळा यांचा. प्रत्यक्ष त्या बायका काय म्हणत होत्या?

त्यांतल्या एकीचे आपल्याला ठाऊक आहे. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावर बरोबर होत्या. परत आल्या, पण नवरा गेला हे त्यांनी मानले नाही; कुंकू ठेवले. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया निघाला, त्याने कारभाऱ्यांची झोप उडवली आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई १७८३ पर्यंत जगल्या, सवाष्ण म्हणूनच जगल्या. बावीस वर्षे! बाजीरावाच्या कारकिर्दीएवढाच हा काळ. त्यांच्या तोंडचे एखादे गाणे मात्र मला कोठे वाचावयास मिळाले नाही.

दुसरी बाई आमच्याच घरातली. माझ्या आजीची थोरली जाऊ. आम्ही तिला थोरली आई म्हणत असू. तिचा नवरा, म्हणजे वडिलांचे चुलते, हैदराबादेस गिरणीत काम धरतो म्हणून गेला तो आलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही. थोरल्या आईने कुंकू ठेवले. गावात कोणी काही म्हणाले तर ती उत्तर देत नसे. पहाटे जात्यावर बसे आणि गाई. पण तिच्या एकाही ओवीत नवऱ्याचे नाव नसे. ओवीची रीतच तशी: आई येते, माहेर येते, पंढरीचा विठ्ठल येतो, आणि सर्वांत जास्त येतो तो भाऊ. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' मध्ये ओव्या गोळा केल्या. पुढे गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी हजाराहून अधिक गावांतून लाखभर ओव्या जमवल्या. त्या चाळताना पान उलटावे तिकडे भाऊ भेटतो. थोरली आईही भावालाच हाक मारी. दादा, वाट पाहते. दादा, कधी येशील. उंबऱ्याशी उभी आहे.

वडील तिच्या मांडीवर वाढले. माळेगावी त्यांनी डोळे का पुसले ते मला थोरली आई गेल्यावर कळले.

हे सगळे मी नातवाला परवा फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, तिची चाल म्हणून दाखवा ना." मला गळा नाही, तरी म्हटली. पलीकडे तो गिटारीवर सूर शोधीत राहिला. जात्याचा फेरा पुरा होईतो ओवीतला शेवटचा स्वर लांबतो, तो त्याला साधेना. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जवळ आला. मग थांबून त्याने विचारले, "पण हा दादा म्हणजे तिचा कोणता भाऊ?"

मी म्हटले, "बाळा, तिला भाऊ नव्हता."