मुका भिडू : संगणकीय ब्रिजमधील बचावाचे दोष

मेंढीकोट खेळणाऱ्या कोणासही ठाऊक असते की, भिडूशी बोलण्यास मज्जाव असला तरी टाकलेले पान बोलतेच. एकोणिसाव्या शतकात व्हिस्टच्या खेळात या मूक भाषेला नियम प्राप्त झाले. आधी मोठे व मागून लहान पान टाकणे म्हणजे भिडूकडे हुकुमाची उतारी मागणे, असा संकेत तेव्हा रूढ झाला. १९२५ मध्ये व्हँडरबिल्ट यांनी काँट्रॅक्ट ब्रिजला आजचे रूप दिले. त्यातील बचाव याच परंपरेवर उभा आहे. संगणकाला नेमकी हीच परंपरा आत्मसात करणे जड गेले.

मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या 'जिब' या आज्ञावलीने १९९८ व १९९९ मध्ये संगणकीय ब्रिजचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. डमी उघडल्यावर बचाव करणाऱ्यास २६ पाने अदृश्य असतात, व त्यांच्या १,०४,००,६०० वाटण्या संभवतात. त्यांतील काही वाटण्या यंत्र कल्पनेने मांडते, प्रत्येक वाटणी चारही हात उघडे आहेत असे मानून सोडविते, आणि सरासरीने सरस ठरलेले पान टाकते.

दोषाचे मूळ 'चारही हात उघडे' या गृहीतात आहे. समजा, डाव खेळणाऱ्याच्या व डमीच्या हातांत मिळून इस्पिकचा एक्का, राजा व गुलाम आहेत. राणी कोणाकडे, हा त्याचा खरा पेच. यंत्राच्या कल्पित वाटणीत मात्र त्याला राणी दिसतच असते. म्हणजे ती गेल्यातच जमा. म्हणून बचाव करणारे यंत्र खुशाल इस्पिकची उतारी करते आणि प्रतिपक्षाचा पेच स्वतःच सोडविते.

दुसरा दोष भिडूविषयीचा. भिडूलाही सर्व पाने दिसतात असे मानल्यावर त्याला काही कळविण्याचे प्रयोजनच उरत नाही. दुर्री टाकली काय नि सत्ती टाकली काय, यंत्राच्या लेखी दोन्ही सारखीच. पुढे काही आज्ञावल्यांत संकेतांचे नियम स्वतंत्रपणे घालण्यात आले. तथापि नियम पाळणे निराळे आणि समोरच्याचे अज्ञान जाणून त्याला सांगणे निराळे. १९९८ मध्येच फ्रँक व बेसिन यांनी या पद्धतीतील तर्कदोषाची मीमांसा केली होती. गिन्सबर्ग यांनीही २००१ च्या आपल्या निबंधात तिच्या मर्यादा मान्य केल्या.

२०२२ मध्ये पॅरिस येथे 'नूक' या यंत्राने आठ विश्वविजेत्यांशी झालेल्या सामन्यात ८० पैकी ६७ संच जिंकले. त्या विजयाचे मोल कमी नाही. परंतु तेथे बोली नव्हती. यंत्राने व विजेत्यांनी केवळ डाव खेळावयाचा होता, आणि दोघांविरुद्ध बचावास यंत्रेच बसविली होती. त्यामुळे या निकालाने यंत्राचे बचावकौशल्य सिद्ध होत नाही. पानाचे बळ यंत्राने मोजले. भिडूला उमगणारा त्या पानाचा अर्थ जाणण्याची कसोटी तेथे लागलीच नाही.