रूट म्हणजे नक्की कोण?

परवा भाच्याने विचारलं, "मामा, सर्व्हरवर ऑडिट लावतोस म्हणजे काय करतोस रे?" त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

प्रोग्रॅमला साधी फाईल उघडायची किंवा पुसायची असली तरी कर्नेलला सांगावं लागतं. या सांगण्याला सिस्टिम कॉल म्हणतात. ऑडिट म्हणजे कर्नेलच्या दारातली नोंदवही. कोण आलं, काय मागितलं, मिळालं का, हे तिच्यात लिहिलं जातं.

या वहीचा आग्रह धरला तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याने. १९८३ साली त्यांनी सुरक्षित संगणकाचे निकष छापले. मुखपृष्ठ नारिंगी, म्हणून नाव पडलं 'ऑरेंज बुक'. त्यातल्या 'सी-२' दर्जाची अट अशी, की प्रत्येक माणूस आपापल्या कृतीला वेगळा जबाबदार धरता आला पाहिजे. लिनक्समध्ये ही सोय २००४ साली, २.६ कर्नेलच्या काळात आली. सरकारी गिऱ्हाइकांना तशी प्रमाणपत्रं लागत, हे त्यामागचं एक मोठं कारण.

माझ्या एका जुन्या नोकरीत आम्ही सहाजण एकच रूट पासवर्ड वापरायचो. एका रात्री हिशेबाच्या फाईली उडाल्या. नोंदीत नाव काय, तर 'रूट'! संशय गेला सगळ्यात नव्या पोरावर. सिद्ध काहीच झालं नाही, पण तो नोकरी सोडून गेला. मी तेव्हा गप्प बसलो.

लिनक्सच्या ऑडिटमध्ये 'ऑआयडी' नावाचा एक आकडा असतो. लॉगिन करताना तो चिकटतो आणि नंतर तुम्ही 'सुडो' करून रूट झालात तरी बदलत नाही. पण सगळेच थेट रूट म्हणून शिरले तर तिथेही शून्यच उमटणार. म्हणून मी आधी प्रत्येकाचं वेगळं खातं करतो, मग नियम लिहितो. फाईल पुसण्याच्या कॉलवर नियम लावायचा तो ६४ आणि ३२ बिट, दोन्हींसाठी. नाहीतर ३२ बिटचा प्रोग्रॅम नोंद न होता निसटतो. शेवटी 'ई २' लिहून कुलूप. मग मशीन रीबूट होईपर्यंत रूटलाही नियम बदलता येत नाहीत. वहीची प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवायची, कारण इथली वही रूट पुसू शकतो.

ऑफिसातले याला पाळत म्हणतात, कंप्लायन्सची कटकट म्हणतात. म्हणोत बापडे. त्या रात्री अशी वही असती, तर खरं नाव कळलं असतं. कदाचित ते त्या पोराचंच निघालं असतं. पण मग निदान आम्ही नुसत्या संशयावर त्याला घालवलं नसतं.

असो. भाच्या, कळलं का काही?