बैलबेडूक, भारतीय

भारतीय उपखंडातील सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एक. शास्त्रीय नाव हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. प्रयोगशाळेत बेडकाचे विच्छेदन केलेल्या पिढ्यांना तो राना टायग्रिना या जुन्या नावाने आठवत असेल. लांबी सुमारे 17 सेंमी.पर्यंत, मादी नरापेक्षा मोठी. एरवीचा रंग हिरवट तपकिरी, त्यावर काळसर डाग. भातखाचरे, तळी, डबकी व विहिरींत आढळतो.

याचे वर्ष पावसाने आखलेले असते. बेडूक त्वचेवाटेही श्वसन करतो आणि त्यासाठी त्वचा ओली असावी लागते. त्यामुळे पाणी आटू लागले की तो ओलसर मातीत, बिळात किंवा गाळात शिरतो. या ग्रीष्मनिद्रेत हालचाल थांबते, चयापचय मंदावतो आणि शरीरात साठवलेल्या चरबीवर गुजराण होते. अमेरिकी बुलफ्रॉग थंडी टाळण्यासाठी पाण्याखाली दडतो. आपल्याकडच्या बेडकाला चुकवायचा असतो तो कोरडेपणा.

बेडकांच्या ओरडण्याने पाऊस येतो, असा समज आहे. पाऊस लांबल्यावर तो मागण्यासाठी धोंडी काढतात, तीही बेडकालाच साक्षी ठेवून. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. पहिल्या जोरदार सरींनी माती भिजली की बेडूक वर येतात. नर लिंबासारखे पिवळेधमक होतात, गळ्याशी दोन निळे स्वरकोश फुगतात आणि डबक्याकाठी डरांव डरांव सुरू होते. हा थाट थोड्याच दिवसांचा. माद्यांनी अंडी घातली की नर पुन्हा मातकट दिसू लागतात. अंडी साचलेल्या उथळ पाण्यात घातली जातात, कारण तिथे मासे नसतात. पण ते पाणी कधीही आटू शकते, म्हणून भैकेरांची (बेडकाच्या डिंभांची) वाढ झपाट्याने होते. ते मांसाहारी असून इतर भैकेरांना, प्रसंगी भावंडांनाही खातात.

याच सवयीमुळे, माणसाने नेल्याने अंदमानात पोहोचलेला हा बेडूक तेथील स्थानिक बेडकांना घातक ठरतो आहे.

मिलनकाळात बेडूक उघड्यावर येतात आणि आवाजाने सापडतात. नेमके तेव्हाच ते पकडले जात. पायांच्या मांसासाठी भारतातून होणाऱ्या निर्यातीवर 1987 मध्ये बंदी आली. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून ते पावसाळ्यात चोरून खाल्ले जातात. ही शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.