बी राखणे आणि रुजवणे (शिंदखेडा परिसर)

घरच्या लागवडीसाठी बी जिवंत ठेवण्याची आणि वेळ आल्यावर ते उगवून आणण्याची रीत. शिंदखेडा हा धुळे जिल्ह्यातला तालुका. उत्तरेला तापी, गावाजवळून वाहणारी बुराई, मुडावदला तापीला मिळणारी पांझरा, आणि नद्या असूनही पाऊस बेताचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. बी वाळवायला याहून चांगले हवामान महाराष्ट्रात थोड्याच ठिकाणी मिळेल. तरीही घरोघरी बी मरते, आणि त्याचे खापर उन्हावर फुटते. बहुतेक वेळा ते मेलेले असते जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बांधून ठेवलेले बी नवरात्रात घट बसेपर्यंत टिकवणे, हीच इथल्या बी-राखणीची खरी कसोटी आहे.

ओल आणि उष्णता. वाळलेले बी निर्जीव नसते. त्याचा श्वास अगदी मंद चाललेला असतो. ओल वाढली की श्वास वाढतो, साठवलेले अन्न खर्च होते आणि बुरशीलाही वाट मिळते. बियाणे-शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी घालून दिलेला ठोकताळा असा : बियातली ओल १ टक्क्याने कमी केली की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरवले तरी दुप्पट होते. ओल ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना हा हिशोब लागू पडतो. म्हणजे पत्र्याच्या खोलीतला डबा मातीच्या जाड भिंतींच्या, धाब्याच्या घरात १० अंश थंड जागी हलवला, तर बियांचे आयुष्य चौपट. इथली जुनी घरे धाब्याची का होती याची कारणे वेगळी, पण बियांना ती मानवली हे खरे.

बी धरणे. सगळ्यात मोठी चूक इथे होते. झाडावरचे उत्तम वांगे भरताला जाते आणि उरलेसुरले, किडके, शेवटच्या बहराचे फळ बियांसाठी सोडले जाते. खानदेशच्या भरिताच्या वांग्याला, म्हणजे २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या वांग्याला, नाव मिळाले ते त्यातल्या गरामुळे आणि कमी बियांमुळे. अशा वांग्याचे बी हवे असेल तर चांगल्या झाडावरचे चांगले फळ भरतावर पाणी सोडून राखावे लागते. ते हिरवे राहत नाही. पिवळे पडते, सालीची चकाकी जाते, देठ सुकू लागतो, आणि तेव्हा कुठे आतले बी भरते. भेंडी, गिलके, दोडका झाडावरच वाळू द्यावेत. टोमॅटोचे बी रसासकट भांड्यात एक-दोन दिवस आंबवून धुवावे, कारण बियांभोवतीचा बुळबुळीत पडदा उगवण रोखतो. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो.

पाकिटातल्या संकरित वाणाचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत सारखी झाडे येत नाहीत. सरळ वाणाचे धरावे. त्यातही वेलवर्गीय भाज्यांत मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. दुधी भोपळ्याचे फूल संध्याकाळी उमलते. त्यामुळे तिन्हीसांजेला नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवायचे आणि त्या फुलाला कापडाची चिंधी बांधायची. एवढ्याने सरमिसळ बरीच टळते.

दोंडाईच्याची लाल मिरची बाजारात नावाजलेली. मात्र तिथून घरी आणलेल्या मिरचीचे बी पेरून पाहणाऱ्यांची निराशा होते. ती कोणत्या वाणाची, संकरित की सरळ, हे कळत नाही, आणि तापल्या जमिनीवर वाळताना बियांना किती झळ बसली तेही कळत नाही.

वाळवण. ओल्या बियाला कडक ऊन सोसत नाही, वाळत आलेल्याला त्या मानाने सोसते. म्हणून आधी दोन-तीन दिवस सावलीत, मग सकाळचे कोवळे ऊन. एप्रिलच्या दुपारी गच्चीच्या सिमेंटवर किंवा पत्र्यावर बी पसरू नये. हाताला चटका देणारी जागा कोंबालाही भाजते. वाळल्याची खूण दातांना आणि बोटांना कळते. डांगराचे बी वाकते तोवर ओले, कट्कन मोडले की वाळले. गहू-ज्वारीचा दाणा दाताखाली चेपला तर ओल आहे, फुटला तर नाही.

साठवण. बांबूची शेणाने सारवलेली कणगी, उतरंडीतली मडकी, तोंडावर शेणमातीचा लेप, आत राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला ही जुनी व्यवस्था. राखेचे काम दुहेरी असते : ती ओल शोषते, आणि दाण्यांमधल्या फटी बुजवून भुंगेऱ्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते, त्यामुळे कीड सुकून मरते. काकडी-भोपळ्याचे बी शेणाच्या थापीत दाबून भिंतीला लावण्याची रीतही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे.

आज घट्ट झाकणाची काचेची बरणी पुरते. कोरड्या भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी आत टाकावी, ती ओल ओढते. बी नीट वाळले असेल तरच बरणी घट्ट करायची. ओले बी बंद केले तर ते आतच घुसमटून सडते. फ्रीज उत्तम, पण बाहेर काढलेली बरणी लगेच उघडू नये. थंड बियांवर हवेतली वाफ दवासारखी धरते आणि वर्षभराची राखण एका सकाळीत वाया जाते. बरणी खोलीच्या तापमानाला आली की मगच झाकण काढावे. चिठ्ठीवर वाण आणि महिना लिहून ती बरणीच्या आत टाकावी, बाहेरची निघून जाते.

सगळी बियाणी सारखी टिकत नाहीत. कांद्याचे बी वर्षभरात ढासळते. भेंडी आणि मिरची साधारण दोन वर्षे, वांगी, टोमॅटो, काकडी चार-पाच वर्षे नीट राहतात. आंबा, जांभूळ, फणस यांची बी मुळात वाळवायचीच नसते, वाळली की मेली. कडुनिंबाची निंबोळीही काही आठवड्यांतच पेरावी. उलट, अगदी कोरड्या जागी खजुराच्या बिया शतकानुशतके तग धरतात. इस्राएलमधल्या मसाडा किल्ल्यात सापडलेले सुमारे २००० वर्षांपूर्वीचे बी २००५ साली रुजवले गेले.

रुजवण. बियाला पाणी, हवा आणि योग्य ऊब एकाच वेळी लागते. रात्रभर भिजवणे ठीक, पण दोन-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवले की बी गुदमरते. मटकीला मोड आणताना बाई पाणी निथळून फडक्यात बांधते, ते याच कारणाने. त्याच फडक्यात कधी कधी न भिजलेला, दगडासारखा गणंग दाणा सापडतो. तो मेलेला नसतो, त्याची साल पाणी आत घेत नाही एवढेच. कारल्याच्या जाड सालीचेही तसेच : टोकाची साल नखकात्रीने किंचित टवका काढून उघडावी, मग भिजवावे. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात, म्हणून तो हलके रगडून दुभंगावा.

मिरची-वांग्याला २५ ते ३० अंशांची ऊब आवडते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खानदेशात मिरचीचे बी हटून बसते. चुलीजवळ, पण चटका न लागेल अशा जागी ठेवले की लवकर फुटते. कोथिंबीर आणि पालक मात्र मे महिन्यात पेरून फारसा उपयोग नाही, उकाड्यात ते नीट उगवत नाहीत. निव्वळ काळी माती वाफ्यात घट्ट बसते आणि वरून पापुद्रा धरते, त्यात वाळू व मुरलेले शेणखत मिसळावे. बी स्वतःच्या जाडीच्या दोन-तीन पटच खोल जावे. बोअरचे पाणी मचूळ असेल तर रोपांसाठी गोडे पाणी वेगळे भरून ठेवावे. वर गोणपाट झाकले तर पहिला कोंब दिसताच ते काढायचे, एक दिवस उशीर झाला तरी रोपे पिवळी व लांबट होतात.

नवरात्रातल्या घटाचे अंकुर असेच पिवळट असतात, कारण देवघर अंधारे. पण तो घट म्हणजे पावसाळ्यातून तरलेल्या धान्याची रब्बीच्या तोंडावर झालेली परीक्षाही आहे. दादर ज्वारी आणि गहू पेरायच्या आधी घरातला गहू उगवतो की नाही हे नऊ दिवसांत डोळ्यांसमोर येते.

उगवण तपासणे. ओल्या गोणपाटावर १०-१० च्या दहा ओळींत १०० बिया मांडाव्यात, गुंडाळून सावलीत ठेवावे, रोज पाणी शिंपडावे, आणि आठवड्याने (मिरची-वांग्यासाठी दोन आठवड्यांनी) निरोगी मूळ-कोंब असलेले मोजावे. प्रमाणित बियाण्यासाठी वांगी, टोमॅटो, कांदा यांना किमान ७०, भेंडीला ६५ आणि मिरचीला ६० टक्के उगवण लागते. विकतच्या पाकिटावर भरल्याची नव्हे, तपासणीची तारीख पाहावी. प्रमाणित बियाण्याची मुदत त्या दिवसापासून ९ महिने असते.

स्वतःचे बी राखणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे, ब्रँडविना विकणे हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. तो हक्क वापरून दाखवला अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी. गावरान बियाण्यांच्या राखणीसाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. खानदेशातल्या परसात अजून कितीतरी वाण बिननावाचे उगवत असतील आणि एखाद्या पावसाळ्यात संपत असतील.

अशा जुन्या वाणाच्या १०० पैकी दहाच बिया रुजल्या, तरी ते बी फेकू नये. ती दहा रोपे भाजीसाठी न तोडता सगळी बियांसाठी राखावीत. पुढच्या वर्षी बरणी पुन्हा भरते.