विषाची वंशावळ

१८९१ च्या ऑक्टोबरात कोचीन-चीनमधील, म्हणजे आजच्या दक्षिण व्हिएतनाममधील, बाकलियूजवळच्या एका खेड्यात पावसाच्या दिवसांत नागांचा सुळसुळाट झाला. चाळीस जणांस दंश झाला, चौघे दगावले. त्यांतले काही नाग पिंपात कोंडून सायगावला आल्बेर काल्मेत या तरुण फ्रेंच डॉक्टराकडे पाठविण्यात आले. विषाची मात्रा हळूहळू वाढवीत गेल्यास प्राण्याच्या रक्तरसात विषाचा उतारा सिद्ध होतो, हे काल्मेतने पुढे फ्रान्समध्ये दाखवून दिले. घोड्यांच्या रक्तरसापासून केलेले त्याचे प्रतिविष लवकरच दूरदूर जाऊ लागले.

नागावरचे प्रतिविष सर्व सर्पांवर चालेल, अशी त्याची समजूत होती. १८९७ मध्ये ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिनने ती खोटी ठरविली. तेथील टायगर स्नेकच्या विषापुढे हा उतारा निष्प्रभ ठरला. विष म्हणजे एक द्रव्य, ही कल्पना तेव्हापासून डळमळू लागली. आपल्या भाषेत मात्र हा शब्द अजून एकवचनीच चालतो!

या भेदाचे मूळ सापडावयास जनुकसंचांच्या तुलनेची वाट पाहावी लागली. २०१३ मध्ये नागराज आणि ब्रह्मदेशी अजगर यांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले. अजगर बिनविषारी. तरीही विषातील प्रथिने घडविणाऱ्या जनुकांचे जवळचे आप्त त्याच्या निरनिराळ्या अवयवांत निमूटपणे काम करताना आढळले. विष शून्यातून निर्माण झालेले नव्हे. एखाद्या घरगुती जनुकाची चुकून दुसरी प्रत निघते. एक प्रत जुने काम सांभाळते, दुसरी बदलावयास मोकळी होते आणि विषग्रंथीत वस्ती करते. स्वादुपिंडात स्निग्ध पदार्थ पचविणाऱ्या एका विकराचेच भाऊबंद घोणशीच्या विषात पेशींची आवरणे फोडतात, तर मण्यारीच्या विषात मज्जातंतूंचे संदेश थांबवितात. घरची विळी रणात न्यावी, तसा हा प्रकार.

या वंशावळीत केवळ वाढच नाही. अमेरिकेतील रॅटलस्नेकांच्या पूर्वजाकडे या कुळातील जनुकांचा मोठा साठा होता, असे २०१६ च्या अभ्यासात दिसून आले. त्याच्या वंशजांनी त्यांतील वेगवेगळी जनुके टाकून दिली. डायमंडबॅक जातींनी तर मज्जातंतूंवरील विषाची जनुकेच गमावली. तेव्हा सख्ख्या भावंडांच्या दंशाची लक्षणेही भिन्न असावीत, यात नवल ते काय?

भारतीय नागाचा जनुकसंच २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या विषग्रंथीत विषप्रथिनांची १३९ जनुके कार्यरत आढळली. पैकी १९ प्रामुख्याने तेथेच कार्य करतात. घोड्याच्या रक्ताचा आधार न घेता नेमक्या या १९ प्रथिनांविरुद्ध प्रयोगशाळेत प्रतिपिंडे घडवावीत, असे हे संशोधन सुचविते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांतली. त्यांच्यासाठीचे नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांवरचे प्रतिविष आजही मुख्यतः काल्मेतच्याच रीतीने, घोड्यांपासून तयार होते.