खंडेनवमी आणि नळीतला गंज

धार-देवासच्या पवारांचा इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात. १७२८ चे अमझेरा, १७६१ चे पानिपत, तिथे पडलेले धारचे यशवंतराव... पण त्या काळची तोड्याची बंदूक लढाईनंतर धुवायची कोणी आणि किती, हे आपण विचारत नाही.

सोरा, गंधक आणि कोळशाची दारू जळली की निम्म्याहून अधिक वजनाचे क्षार व काजळी उरते. काही धुरात जाते, काही नळीला चिकटते. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड गंजते. तेलात ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून पाणी नितळ येईपर्यंत नळी धुवायची, चिंधी कोरडी निघेपर्यंत गज फिरवायचा, मग तेलाचा हात. त्यापुढे राख-वाळूने घासाल तर नळीच झिजेल.

आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती. दर खंडेनवमीला मी ती बाहेरून तेल लावून चकचकीत करायचो, हळद-कुंकू वाहायचो. आत कधी पाहिलेच नाही. गोव्याच्या पावसाळ्यांनी नळी आतून खाल्ली. घराण्यांच्या इतिहासाचेही आपण असेच करतो, नाही का?